शोभा, वहिनींना मी सांगितलं

शोभा, तू गेलीस त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, मी तुझा शब्द मोडला. जी गोष्ट तू निपाणीच्या माहेरापासून इतकी वर्षं लपवलीस, ती मी तुझ्या वहिनींना सांगून टाकली. आपल्या स्वयंपाकघरात, दार लोटून, उभ्या उभ्या. आता दिवसकार्य झालंय, पाहुणे आपापल्या गावी गेलेत, आणि हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही. तू असतीस तर दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. तिसऱ्या दिवशी चहा पुढं सरकवून म्हणाली असतीस, "झालं ते झालं, घ्या आता." तुझा राग तेवढाच टिकायचा. माझ्या रागाचं तसं नव्हतं, तुला माहीतच आहे.

आपण कुठं भेटलो ते आपण कुणाला कधी नीट सांगितलं नाही. लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की, ओळखीतनं, एवढंच म्हणायचो. ओळख कसली, तर सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या सेंटरबाहेर एक लांब बाकडं आहे, त्याच्यावरची. महिन्याच्या गोळ्या न्यायला मी बेळगावातल्याच शहापुरातनं यायचो, भर उन्हात नाकापर्यंत रुमाल बांधून. साडीच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाला निम्मं बेळगाव तोंडानं ओळखतं. तू निपाणीहून बसनं यायचीस आणि तोंड न झाकता बसायचीस. एकदा माझ्याकडं बघून म्हणालीस, "कशाला गुदमरून घेतायसा? इथं वळखीचा कोण आला तर त्यो बी गोळीलाच आलेला असणार की." मी हसलो. त्या बाकड्यावर मी त्याआधी कधी हसलो नव्हतो.

तिथं तुला सगळे आक्का म्हणायचे. नुकताच रिपोर्ट कळलेली, रडून डोळे सुजलेली एखादी बाई आली की समुपदेशक मॅडम तिला सरळ तुझ्याशेजारी आणून बसवायच्या. तू तिला आजाराचं काही विचारायची नाहीस. गाव कुठलं, पोरं किती, आज जेवून आलीस का, असलंच विचारायचीस. मग म्हणायचीस, "रोज जेवतीस न्हवं? मग ही बी जेवणातलीच धर. भाजीत मीठ ऱ्हायलं तर चालंल, गोळी ऱ्हाऊ द्यायची न्हाय." त्या बाईचा हात धरून तू हे इतक्या सहज म्हणायचीस की मीसुद्धा घरी जाऊन त्या दिवसाची गोळी जरा आनंदानं घ्यायचो.

मी एकदा विचारलं होतं, इथं एवढं बोलतेस, मग माहेरी का नाही? तुझा पहिला नवरा एचआयव्हीनं गेला आणि त्याच्यानंतर तुझंही रक्त तसंच निघालं, हे तुझ्या घरात कुणाला माहीत नव्हतं. नवरा काविळीनं गेला असं सांगितलेलं. तू म्हणालीस, "इथं समदी एका माळंतली. तिथं मी एकटा मणी."

लग्नानंतरची वर्षं चांगली गेली, शोभा. हे मला लिहून ठेवायचंय, कारण लोक आता फक्त तुझं शेवटचं आजारपण आठवतात. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी तुझं शिलाई मशीन, गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करणं. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवताना मी खांद्यावर पदर टाकून उभा राहतो म्हणून तू मला चिडवायचीस, "मला कवा नेसून दाखवणार?" रात्री जेवण झालं की दोन गोळ्या तळहातावर घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, "घ्या आपला विडा." नव्या नवराबायकोनं विडा खावा तसं आपण ते औषध खाल्लं.

मग तुझ्या आईला लकवा मारला. तू निपाणीला गेलीस. जायलाच हवं होतं. आप्पांचा, म्हणजे तुझ्या भावाचा, दिवस तंबाखूच्या वखारीत जायचा, आणि वहिनी एकट्या घरचं, विड्या वळायचं आणि अंथरुणातल्या म्हातारीचं कसं बघणार? आठवडाभर म्हणून गेलीस ती महिन्यावर महिने राहिलीस. फोनवर म्हणालीस, गोळ्या तिकडंच जवळ मिळायची सोय केलीय. मी विश्वास ठेवला. गोळीच्या बाबतीत तुझ्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?

काय झालं ते तू मला नंतर सांगितलंस. एका दुपारी तू आणि वहिनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसला होता. वहिनी कात्रीनं पानं कापता कापता सहज म्हणाल्या, "वन्सं, रोज रातच्याला कसली वं गोळी खाता?" तू म्हणालीस, बीपीची. वहिनी म्हणाल्या, "मग दावा की जरा डबी. आमच्या आईला बी बीपी हाय, त्येच गोळी हाय का बघू." तू म्हणालीस, उद्या दावतो. त्या संध्याकाळी डबी पिशवीच्या तळाशी गेली. आईला त्या रात्री धाप लागली आणि तुझी गोळी राहिली. "एक दिवस ऱ्हायली, काय झालं न्हाय," तू मला सांगितलंस. "दुसऱ्या दिवशी बी ऱ्हायली. तरी काय झालं न्हाय. मग म्हटलं, आई हाय तवर असूंदे. बेळगावात गेलो की घेतो."

आई पुढं सात-आठ महिने जगली. तू तिचं सगळं केलंस.

तू परत आलीस त्या संध्याकाळी मी बसस्टँडवर आलो होतो. तेवढ्या महिन्यांत दुकानातनं रजा मिळेना, आईच्या मातीलाही मला येता आलं नव्हतं. बसमधनं उतरलेली बाई मला क्षणभर ओळखू आली नाही. ब्लाउज खांद्यावरनं घसरत होता. मी म्हटलं, दुःखानं वाळलीस. रात्री जेवण झाल्यावर मी दोन गोळ्या आणि पाणी घेऊन आलो. तू तळहाताकडं बघत राहिलीस.

"माझी ऱ्हाऊंदे," म्हणालीस.

"का? घेतलीस आधीच?"

"न्हाय. बंद केलीय मी. लई दिस झालं."

मी काय काय बोललो ते आता आठवायला नको. एवढं आठवतं, की मी ओरडून विचारलं, मला का सांगितलं नाहीस? आणि तू शांतपणे म्हणालीस, "सांगितलं असतं तर तुम्ही रोज ईचारलं असतंसा. रोज मला खोटं बोलाय लागलं असतं. ह्ये एकदाच झालं."

दुसऱ्या दिवशी सेंटरला जाऊ म्हटलं तर तू तयार होईनास. खोकला होता, संध्याकाळी अंग तापत होतं, तरी नाही. मला वाटलं, तू हरलीस. तसं नव्हतं. तुला लाज वाटत होती. "त्या बाकड्यावर बसून मी कितीजणींस्नी सांगितलं, गोळी ऱ्हाऊ द्यायची न्हाय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" मी समजावलं, रागावलो, मॅडमना फोन करतो म्हणालो. तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलीस. असे चार-पाच दिवस गेले. शेवटी एका रात्री मी माझी गोळी तुझ्यासमोर डबीत परत टाकली आणि झाकण लावलं. म्हटलं, तू नाही तर मीही नाही.

तू उठून बसलीस. तुला एवढी संतापलेली मी कधी बघितली नव्हती. "असलं काय करायचं न्हाय," म्हणालीस. "माझ्या जिवाचं मी बघतो. तुम्ही माझ्या माथ्यावर पाप घालू नकासा." डबी उघडून गोळी माझ्या हातावर ठेवलीस आणि मी गिळेपर्यंत बघत राहिलीस. सकाळी मी उठलो तेव्हा तू वेणी घालून दारात बसली होतीस.

सेंटरवर तू पहिल्यांदा डोईवरनं पदर घेतलास. बाकड्याच्या पार टोकाला बसलीस. मी केसपेपर काढायला गेलो आणि परत आलो तर एक तरणी बाई तुझ्यासमोर उभी होती, कडेवर गुटगुटीत पोर घेऊन. चिकोडीकडची. "आक्का, मला वळखलासा न्हाय?" ती म्हणत होती. "पोटुशी व्हतो तवा तुम्ही धीर दिल्ता. तुमच्यामुळं गोळी चालू केली. बघा, पोरगं चांगलं हाय. त्येचा रिपोर्ट बी चांगला आला."

मला वाटलं, आता तू उठून निघून जाणार. तू त्या पोराच्या गालाला हात लावलास. मग डोक्यावरचा पदर मागं सारलास आणि सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मी सोडल्ती गं गोळी. लई दिस सोडल्ती. आज परत चालू कराय आलोय."

पलीकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं जरा सरकून तुला नीट टेकायला जागा केली. आत गेल्यावर तू ज्यांच्या बोलण्याला भीत होतीस त्या मॅडमनी, त्यांच्या त्या कानडी वळणाच्या मराठीत, एवढंच म्हटलं, "बर्री आक्का, कूड्री. बसा. आलात ते बरं केलं." खुर्ची पुढं ओढून दिली. गोळी थांबली की आजार पुन्हा जोर धरतो, पण परत सुरू करता येते, आधी रक्त बघू, छाती बघू, असं सांगितलं. का सोडली हे त्यांनी विचारलं, पण शेवटी, आणि आवाज न चढवता. तू पदरात तोंड घालून रडलीस. त्या थांबल्या.

छातीत टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, आधी टीबीच्या औषधानं सुरुवात करायची, मग थोड्याच दिवसांनी ती दुसरी गोळी. ते दिवस फार कठीण गेले तुला. तोंडाला चव नाही, पोटात ठरत नाही, औषधानं लघवी लाल. मी ताकातली आंबील करायला शिकलो, पहिल्या दिवशी तिचा गोळा झाला आणि तू म्हणालीस, "ह्यानं साडीला फॉल चिटकवता यील." मग एचआयव्हीची गोळी परत सुरू झाली त्या रात्री तू ती बराच वेळ हातात धरून बसलीस आणि देवाच्या फोटोला टेकवून घेतलीस. आधी कधी तसं केलं नव्हतंस.

हळूहळू तू भरलीस. मशीनचा आवाज परत गल्लीत ऐकू यायला लागला. सहा-आठ महिन्यांनी मॅडमनी रिपोर्ट बघून सांगितलं की रक्तात विषाणू आता सापडत नाही इतका कमी झालाय. आपण दोघांनी मिठाईच्या दुकानात कुंदा घेतला आणि घरी पोचायचा धीर न धरता दुकानाच्या पायरीवर बसूनच खाल्ला. तुझ्या बोटांना लागलेला कुंदा तू चाटत होतीस. शोभा, माझ्या आयुष्यात त्याहून मोठा सण झाला नाही.

तू त्यानंतर बाकड्यावरच्या बायकांना वेगळं सांगायला लागलीस. गोळी ऱ्हाऊ द्यायची न्हाय, हे होतंच. पण पुढं म्हणायचीस, "आन ऱ्हायलीच तर लाजून घरात बसायचं न्हाय. दुसऱ्या दिशी यायचं. मी उशिरा आलो, तुम्ही येऊ नकासा." मी ऐकत बसायचो. मला तेव्हा त्या उशिराचा अर्थ कळला नव्हता. टीबी बरा झाला होता, गोळी काम करत होती, पण फुप्फुसांवर वण राहिले होते. जिना चढताना तू मधेच थांबायचीस आणि खिडकीतनं काहीतरी बघितल्यासारखं करायचीस.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरनं. मी म्हणायचो, वहिनींना सांग. त्यांना माहीत असतं तर तुझी गोळी सुटली नसती. पुढंही माहेरी जाणं-येणं राहणार. तू म्हणायचीस, दिवाळी होऊंदे. मग म्हणायचीस, आप्पाच्या पोरीचं लग्न ठरूंदे. मी फार मागं लागलो की तू म्हणायचीस, "तुम्ही तुमच्या मालकाला सांगितलंसा?" काउंटरवर माझ्या खांद्यावरच्या पदराला हात लावून बायका पोत बघतात; मालकाला कळलं तर तो मला ठेवील का, याची मला खात्री नव्हती. अजूनही नाही. तो वाद तू दरवेळी जिंकत होतीस आणि तरी मला वाटायचं की माझंच खरं आहे. शेवटच्या खेपेला तू दम लागल्यामुळं वाक्य अर्धं सोडलंस. "पण समजा मी सांगितलं, आन तिनं माझं ताट…" म्हणालीस आणि हातानंच राहूंदे म्हणालीस. ते वाक्य मी रोज पुरं करून बघतो.

थंडीत ताप आला. दवाखान्यात ठेवलं, नळी लावली, घरी आणलं. मग एका सकाळी मी चहा गाळत असताना तू हाक मारलीस असं वाटलं, आणि मी आत आलो तर तू हाक मारण्याच्या पलीकडं गेली होतीस.

गल्लीतल्या बायका आल्या. दारापर्यंत आल्या. तुझ्याकडनं साड्या करून नेणाऱ्या, तुझ्या हातचा चहा प्यायलेल्या. एवढं आजारपण बघितलेलं, काहीतरी कुजबुज झालेली असणार. न्हाऊ घालायची वेळ आली तेव्हा एकीनं गुडघ्याचं सांगितलं, दुसरी म्हणाली आमच्यात सोयर आहे. मी कुणाला नावं ठेवत नाही. त्यांना भीती वाटली. आपणही आयुष्यभर भीतीच खाल्ली की.

तेवढ्यात निपाणीहून आप्पा आणि वहिनी आले. वहिनी तुला बघून रडल्या आणि पदर खोचून सरळ म्हणाल्या, "पाणी तापवलंय का?" त्या तुला हात लावणार आणि त्यांना माहीत नसणार, हे मला सोसेना. उद्या कुठनंतरी कळलं तर म्हणतील, आम्हाला फसवलं. तुझ्याबद्दल त्यांनी तसं म्हणलेलं मला चाललं नसतं. मी त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं. तुझं, तुझ्या पहिल्या नवऱ्याचं, माझं. त्या दुपारच्या बीपीच्या गोळीचंही सांगितलं. न्हाऊ घालण्यात धोका काही नाही, पण तुम्ही ठरवा, म्हटलं.

वहिनी ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ईचारल्तं तिला."

"हो."

"तवा तिनं सांगितलं असतं तर मी कशी वागलो असतो, ते मला बी ठाव न्हाय, दाजी. खोटं कशाला बोलू? कदाचित ताट येगळं केलं असतं." डोळे पुसले. "पण सासूचं हागणंमुतणं हिनं काढलं. मी नाक धरून भाईर जायचो. आता हिला मी न्हाऊ न्हाय घालायची तर कुणी घालायची?"

त्यांनी तुला न्हाऊ घातलं, शोभा. सावकाश. केस धुतले, वेणी घातली. बाहेर पायरीवर आप्पा बसले होते, त्यांना वहिनींनीच जाऊन सांगितलं. ते खाली मान घालून म्हणाले, "आपल्या घरात ऱ्हाऊन आपल्याच माणसांस्नी भ्याली व्हय ती?" खांदा त्यांनी पहिला दिला.

वहिनींनी कपाट उघडून मला विचारलं, कुठली साडी? मी आयुष्यभर लोकांच्या बायकांना साड्या निवडून दिल्या. एका नजरेत सांगतो, तुम्हाला हा रंग खुलेल. त्या दिवशी कपाटासमोर मला काही दिसेना. वहिनींनीच निवडली, काठाची हिरवी. चांगली दिसलीस.

मला तुझा राग येतो. तुझ्या जाण्याचा नाही, त्या सात-आठ महिन्यांचा. एका डबीपायी, एका प्रश्नापायी. आणि राग आला की लगेच ते आठवतं, तुझं पदर मागं सारून सगळ्यांसमोर बोलणं. तेवढं धाडस माझ्या सगळ्या जन्मात मी केलेलं नाही. त्या परत जाण्यामुळं मला तुझ्याबरोबरची ही शेवटची वर्षं मिळाली. कमी मिळाली. पण मिळाली.

तू म्हणाली होतीस ना, एक दिवस राहिली आणि काय झालं न्हाय. तुझ्या सुतकाच्या दिवसांत माझीही दोनतीनदा राहिली. आणि खरंच काही झालं नाही. सकाळ झाली, दूधवाला आला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू काय सांगत होतीस. सोडायला मोठं कारण लागत नाही, नुसतं थकलेलं असलं तरी पुरतं.

काल संध्याकाळी वहिनींचा फोन आला. तू गेल्यापासून त्या रोज करतात.

"जेवलासा, दाजी?"

"जेवलो."

मागं कुणीतरी भांडी घासत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन ते?"

त्यांना त्याचं नाव अजून घेता येत नाही. पण विचारतात.

"घेतली," मी म्हणालो. फोन ठेवला, आणि उठून खरंच घेतली.